गोष्ट तुमची, हात दुसऱ्यांचे: रोजच्या आयुष्याचं कॉमिक चित्रकारांकडून काढून घेताना काय आधी, काय नंतर

स्वतःच्या रोजच्या आयुष्यावर कॉमिक करायचंय, चित्र येत नाही, पण ओळखीत चारपाच चित्र काढणारे आहेत, अशी माणसं मला जळगाव-धुळ्याकडे सारखी भेटतात, आणि जवळपास सगळ्यांचं गाडं एकाच जागी अडतं. गोष्ट व्हॉट्सॲपवर एका लांबलचक मेसेजमध्ये लिहायची, चित्रकाराला 'तुला सुचेल तसं काढ' म्हणायचं, तो बिचारा रात्री जागून काढतो, आणि मग लक्षात येतं की बोलणं फुग्यात मावतच नाहीये, काकूंचं घर कौलारू झालंय, पाचही जणांची पानं पाच मापांची आहेत आणि झेरॉक्सवाला म्हणतोय हे असं दुमडून छापता येणार नाही. मग रुसवेफुगवे.

यात चित्रकाराचा दोष फार कमी असतो. चित्राआधी लिहिणाऱ्याने जी कामं उरकायची असतात तीच झालेली नसतात. खाली तो क्रम दिलाय. माप धरलंय साधंच: ए-फोर कागद मधोमध दुमडून होणारी ए-फाइव्ह पुस्तिका, काळीपांढरी, पाच गोष्टी, पाच चित्रकार, प्रत्येकाला चार पानं. उदाहरणालाही एकच गोष्ट घेतलीये, पहाटे नळाला पाणी येतं ती, कारण हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

१. प्रसंग निवडा, आयुष्य नाही

'माझा संघर्ष' चार पानांत बसत नाही. शाळा, नोकरी, लग्न, आजारपण असं सगळं कोंबलं की प्रत्येक चौकटीत फक्त माहिती उरते आणि माणूस गायब होतो. अर्ध्या तासात घडून संपणारा प्रसंग घ्या. एका जागी, दोन किंवा तीन माणसं. अमळनेर स्टँडवर एसटीची वाट बघताना शेजारच्याशी झालेली बाचाबाची, रावेरला केळीच्या काट्यावर वजनावरून पडलेला पेच, भुसावळला गाडी दोन तास लेट म्हणून प्लॅटफॉर्मवर अनोळखी माणसाबरोबर उघडलेला डबा, कानबाईच्या (खानदेशातला देवीचा सण) रात्री पुरणाला कमी पडलेलं जायफळ. असलं काहीही चालतं.

निवडताना एक प्रश्न विचारा: यात कोण कुणाला काय बोललं ते आठवतंय का? नुसतं 'वाईट वाटलं होतं' आठवत असेल तर तो प्रसंग तूर्त बाजूला ठेवा, कारण वाईट वाटणं चौकटीत काढता येत नाही, काकूंनी कळशी आपटली हे येतं.

आमचं उदाहरण असं. पहाटे चारला नळ येतो. निवेदक (म्हणजे गोष्टीतला 'मी') उठतो, टिपाड (पाण्याचं पिंप) लावतो. धार बारीक होते. शेजारी मोटर लागल्याचा आवाज. काकूंशी वाद. वाद घसरत घसरत बामणोदच्या वांग्यांच्या भावावर येतो. तेवढ्यात पाणी जातं. संपलं. शेवटी निवेदकाला काही शहाणपण वगैरे सुचत नाही, आणि ते जबरदस्तीने सुचवूही नका. नवीन लिहिणारे शेवटच्या चौकटीत आकाशाकडे बघणारा माणूस आणि एक विचार टाकतात. ती चौकट काढून टाका, तिच्या आधीचीच बहुतेक खरी शेवटची असते.

२. आधी फक्त बोलणं लिहा

वर्णन नको, फक्त संवाद. नाटकाच्या वहीसारखं डावीकडे नाव, उजवीकडे वाक्य. वाक्य जसं बोललं गेलं तसं. पुस्तकी करू नका.

मी: काकू, मोटर लावली का तुम्ही?
काकू: मी कुठं लावली? आमच्याकडं पण थेंब थेंबच येऊन राह्यलं.
मी: मग हा आवाज कशाचा?
काकू: फ्रीज आहे तो.

'येऊन राह्यलं' ला 'येत आहे' केलं की काकू मेल्या म्हणून समजा. कुणाच्या घरात अहिराणी चालते, कुणाच्या घरात लेवा बोली, कुणी बाहेर मराठी आणि आईशी अहिराणी बोलतं, ते जसं आहे तसं ठेवा. फक्त एक शब्द एकाच पद्धतीने लिहायचा. पहिल्या पानावर 'राह्यलं' आणि तिसऱ्यावर 'ऱ्हायलं' असं झालं की वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते. अशा शब्दांची यादी एका कागदावर करून ठेवा, पुढे अक्षरं काढणाऱ्याला तीच द्यायचीये.

आता शब्द मोजा. या मापाच्या फुग्यात बारा ते पंधरा शब्द मावतात, त्यावर नाही, हिशोब पुढे येतोय. एखाद्याचं बोलणं चाळीस शब्दांचं असेल तर ते तीन फुग्यांत तोडा किंवा दोन चौकटींवर न्या, मधे समोरच्याची नुसती मान हलू दे.

३. काडीची माणसं काढा (ही पायरी गाळणारेच परत येतात)

हे लिहिणाऱ्याचं मुख्य काम. चित्र येत नसलं तरी जमतं. हार्वी पीकर म्हणून अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एका सरकारी हॉस्पिटलात फाईल क्लार्क होता, स्वतःच्या नोकरीचं, बाजारहाटाचं, शेजाऱ्यांचं कॉमिक तो १९७६ पासून स्वतःच्या खर्चाने छापायचा आणि त्याला चित्र काढता येत नव्हतं. कागदावर चौकटी पाडून त्यात काडीची माणसं आणि पूर्ण संवाद असं लिहून तो वेगवेगळ्या चित्रकारांना द्यायचा. पद्धत तीच उचला.

चार कोरे ए-फोर कागद घ्या, एका कागदावर एक पान. १५ मिलिमीटरचा समास चारी बाजूंनी सोडा. उरलं १८० बाय २६७. त्यात दोन उभ्या रांगा आणि तीन आडव्या, म्हणजे सहा चौकटी, मधल्या फटी ६ मिलिमीटर. एक चौकट ८७ बाय ८५ मिलिमीटरची येते. चार पानांच्या चोवीस चौकटी. दोन चौकटी जोडून एक मोठी करायची मुभा आहे, पण पहिल्या पुस्तिकेत तिरक्या, गोल, फुटलेल्या चौकटी नकोत, वाचणाऱ्याची नजर आधी कुठे जावी हेच कळेनासं होतं.

आता भरायला घ्या, या क्रमाने:

फुगे आधी, माणसं नंतर. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे आणि वर. ज्याचा फुगा डावीकडे तो माणूसही डावीकडे उभा करा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना कापतात. ही इतकी बारीक गोष्ट आहे आणि इतक्या जणांची चुकते! काकू आधी बोलणार असतील तर काकू डावीकडे. दोन चौकटींच्या मधे जागा बदलायची असेल तर एक चौकट तशी दाखवा, की निवेदक दाराच्या या बाजूने त्या बाजूला गेला.

फुग्यांनी चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा घेतला तर ठीक. निम्म्याच्या वर गेले की बोलणं कापायचं, अक्षर बारीक करायचं नाही.

मग काड्या. डोकं म्हणजे गोल, हात, पाय, बस. पण कुठे बघतोय ते बाणाने दाखवा आणि हातात काय आहे ते लिहा: 'हातात पाईप', 'कमरेवर हात'. 'चिडलेला' असं लिहू नका. चिडला की तो काय करतो ते लिहा. एकजण चिडला की ओरडतो, दुसरा चिडला की पाईपला उगाच पीळ देत बसतो.

मग पान उलटण्याचा हिशोब. तुमच्या गोष्टीचं पहिलं पान डावीकडे येणार असेल (पायरी ९ मधे तसंच करणार आहोत) तर पहिलं-दुसरं पान समोरासमोर दिसतं, मग पान उलटतं, मग तिसरं-चौथं. म्हणजे जे वाचणाऱ्याला आधी दिसायला नको ते तिसऱ्या पानाच्या पहिल्या चौकटीत ठेवायचं. आपल्या गोष्टीत दुसऱ्या पानाची शेवटची चौकट: टिपाडाकडे वाकलेला निवेदक, आणि भिंतीपलीकडून 'घुर्रर्र'. पान उलटलं की काकू दारात, मागे मोटरची वायर. ही वायर दुसऱ्या पानावरच दिसली तर मजा गेली.

मुक्या चौकटी ठेवा. चोवीसपैकी पाचसहा तरी बिनबोलाच्या असू देत. नळाच्या तोंडाशी हवा फुसफुसतेय, अंधारात हंडे रांगेत, कुत्रं झोपलंय. बोलणाऱ्या गोष्टीला याची फार गरज असते, नाहीतर चार पानं नुसती डोकी आणि फुगे होतात.

चौकटीच्या वरच्या निवेदनाच्या पट्टीत दिसतंय तेच परत सांगू नका. चित्रात टिपाड भरतंय आणि पट्टीत 'मी टिपाड भरू लागलो', याचा उपयोग काय? पट्टीत चित्राला न सांगता येणारं लिहा: 'मागचं पाणी आठ दिवसांपूर्वी आलं होतं.'

तपासा: हे काडीचं कॉमिक घरातल्या कुणाला तरी न बोलता वाचायला द्या. मधे 'हे कोण बोललं?' असं विचारलं तर ती चौकट परत. समजावून सांगू नका, कारण पुस्तिका घेणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसणार नाही आहात.

४. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारा

हे चित्र काढायच्या आधी. नंतर विचारलं आणि काकू नाही म्हणाल्या तर चित्रकाराची मेहनत पाण्यात.

घरच्यांना काडीचं कॉमिक दाखवा. बाकीच्यांची नावं बदला, आणि नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात सगळे ओळखतात. व्यवसाय, घराची जागा, वय यातलंही एखादं हलवा. ऑफिसातल्या साहेबावर, सोसायटीच्या चेअरमनवर काही असेल तर दोनदा विचार करा. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि चित्रातूनही ती होऊ शकते. 'खरंच तसं झालं होतं' एवढ्याने दर वेळी सुटका होत नाही, ते लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. कुणाचं आजारपण, कर्ज, जात, घरातलं भांडण हे त्या माणसाच्या होकाराशिवाय नकोच.

स्वतःला मात्र वाचवू नका. पाच गोष्टींत पाचही वेळा निवेदकच शहाणा आणि बाकी गाव येडं असं झालं की वाचणारा दुसऱ्या गोष्टीलाच कंटाळतो.

५. कुणाकडे कोणती गोष्ट

चित्रकार शोधताना लोक थेट इन्स्टाग्रामवर जातात. शाळेतले ड्रॉइंगचे सर, एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करणारी पोरं, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड मिळालेली पण पुढे कॉमर्सला गेलेली भाची, दुकानांचे बोर्ड रंगवणारे पेंटर, हे सगळे डोळ्यांसमोर असतात. पेंटरभाऊंना तर विसरूच नका, त्यांचं अक्षर तुमच्या कुठल्याही फॉन्टला हरवतं.

वाटणी आवडीने नको, हाताने करा. ज्याला चेहरे जमतात त्याला वादावादीची गोष्ट. ज्याला गाड्या, इमारती, वायरी काढायला आवडतात त्याला भुसावळ जंक्शन. मोजक्या रेषांत काढणाऱ्याला कमी बोलण्याची गोष्ट द्या. एक गोष्ट दोघांत फोडू नका, चारही पानं एकाच हाताची. पुस्तिकेत पाच तऱ्हा दिसल्या तर छान वाटतं, एकाच गोष्टीत दोन तऱ्हा दिसल्या की वाटतं पहिला चित्रकार सोडून गेला.

आणि पैसे. मैत्रीत बोलत नाही आणि तिथेच मैत्री जाते. पानामागे किती, कधी, किती वेळा बदल सांगणार (पेन्सिलला दोनदा, शाईनंतर फक्त चूक दुरुस्ती, हे बरं पडतं), मूळ पानं कुणाकडे राहणार, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. पैसे देणार नसाल तर तसं स्पष्ट लिहा आणि प्रती किती देणार ते लिहा. कायद्याचं इतकंच लक्षात ठेवा की वेगळा करार नसेल तर अशा कामात साधारणपणे चित्राचा हक्क काढणाऱ्याचा आणि लिखाणाचा लिहिणाऱ्याचा. हक्क लिहून घेतला पण मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुढे कुणी पुस्तक करतो म्हणाला की हा कागद लागतोच.

६. फोटोंचं पाकीट आणि ओळखीच्या खुणा

चित्रकार पुण्यामुंबईचा असेल, किंवा इथलाच पण घाईत असेल, तर 'गाव' म्हटल्यावर त्याच्या हातून कौलारू घर, मागे दोन डोंगर आणि नारळाचं झाड येतं. आपल्याकडे धाब्याची घरं, पत्रे, स्लॅबवर वाळत घातलेले पापड-कुरडया, आणि डोंगर असलाच तर चोपडा-यावल-रावेरकडून उत्तरेला लांबवर सातपुड्याची सपाट रेघ. हे त्याला सांगून कळत नाही, फोटो द्यावे लागतात.

एका गोष्टीला पंधरावीस फोटो पुरतात. जागा तीन बाजूंनी, लहान मुलाच्या उंचीवरून एक, दाराची कडी, नळाची तोटी, टिपाड, मोटर, काकूंच्या ओट्याचा कट्टा. नळाची गोष्ट पहाटेची आहे ना, मग एक फोटो पहाटेच काढा, बल्बचा उजेड कुठून पडतो ते कळू दे. नेटवरून उचललेलं टिपाड नको. घरच्यांचे फोटो फक्त चित्रकारापुरते, ग्रुपवर टाकायचे नाहीत.

आता निवेदक. तो पाचही गोष्टींत आहे आणि पाच जण त्याला काढणार. प्रत्येकाने हुबेहूब सारखा काढावा असा हट्ट धरलात की सगळे घाबरून कोरे चेहरे काढतील. हुबेहूबपणा लागतही नाही. पीकरसुद्धा प्रत्येक चित्रकाराच्या हातून वेगळाच दिसायचा आणि वाचणारे ओळखायचे. तीन खुणा ठरवा, ज्या बाहेरूनच दिसतात आणि काळ्यापांढऱ्यात टिकतात: समजा चौकोनी चष्मा, खिशात कायम पेन, पुढे आलेलं पोट. त्याचा समोरून, बाजूने आणि पाठमोरा असा एक कागद, सगळ्यांना तोच. रंगावर खूण ठेवू नका. 'लाल स्वेटर' काळ्यापांढऱ्यात कुठे दिसणार?

तपासा: पाकिटात काडीची पानं, शब्दांची यादी, फोटो, खुणांचा कागद, मापाचा कागद आणि सह्यांचा कागद आहे का? यातलं एक नसेल तरी काम सुरू करायला सांगू नका.

७. पेन्सिल, मग अक्षर, मग शाई

हा क्रम उलटा करणारे सगळ्यात जास्त. आधी शाईने झकास चित्र, मग उरलेल्या जागेत फुगा. मग तो फुगा काकूंच्या कपाळावर.

पेन्सिल: मूळ पान ए-फोरवरच, म्हणजे छापताना ते साधारण ७१ टक्के होतं. पाचही जणांनी हेच माप घ्यायचं. ए-थ्रीवर काढणारा एखादा निघतोच, त्याची रेष छापल्यावर केसासारखी होते. कागद १५० जीएसएमच्या (कागदाच्या जाडपणाचं माप) आसपासचा, गुळगुळीत कार्ट्रिज. पेन्सिलचे फोटो आले की काडीच्या पानाशी चौकट चौकट ताडून बघा. वाटेल ते बदल आत्ताच सांगा, आणि एकदाच सगळे लिहून सांगा. रात्री अकराला एक, सकाळी एक असे व्हॉइस मेसेज कुणालाच नको असतात.

अक्षर: देवनागरीला वर मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजी कॉमिक बघून ओळींमधे तेवढंच अंतर सोडलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ए-फोरवर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत ४ मिलिमीटर, आणि एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत ९ मिलिमीटर. या मापाने ६० मिलिमीटर रुंद फुग्यात एका ओळीला साधारण पंधरा अक्षरं बसतात, तीन ओळींत बारा ते पंधरा शब्द. वर जो आकडा सांगितला तो इथून आला. आधी पेन्सिलने रेषा आखायच्या, अक्षरं लिहायची आणि मग त्यांच्याभोवती फुगा. फुगा आधी काढून आत अक्षरं कोंबायची नाहीत. जोडाक्षर ओळीच्या शेवटी तोडायचं नाही हे सांगायला नको, पण सांगतो.

हाताने जमत नसेल तर कॉम्प्युटरवर करा. युनिकोड फॉन्टच घ्या. बालू, मुक्ता, कलम हे मोफत आणि देवनागरी नीट असलेले आहेत, कॉमिकला मला बालू बरा वाटतो, कलम हस्ताक्षरासारखा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधे टाईप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की कचरा दिसतो. इनडिझाईन किंवा फोटोशॉपमधे वर्ल्ड रेडी कंपोझर चालू नसेल तर 'कि' ची वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पैसे नसतील तर इंकस्केप आणि स्क्रायबसची नवी आवृत्ती, दोन्ही मोफत आणि देवनागरी नीट दाखवतात. पाचही गोष्टींना एकच अक्षर ठेवा. चित्रं पाच तऱ्हांची असताना पुस्तिका एकसंध वाटते ती बरीचशी अक्षरामुळे.

शाई: पाण्याने न पसरणारी, पिगमेंटवाली पेनं. साधं जेल पेन खोडरबर फिरवलं की पसरतं. चौकटीच्या रेषेला ०८ नंबर (पेनाच्या टोकाची जाडी), माणसांना ०५, बारीकसारीक गोष्टींना ०३. त्याहून बारीक घेऊ नका, लहान होऊन झेरॉक्सला उडून जातं.

सावधान: मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना हाताच्या घामाने शाई फासते, म्हणून तळहाताखाली कोरा कागद ठेवायचा. आणि कूलरसमोर बसून काढू नका. कूलरची हवा ओली असते, कागद लहरी होतो आणि मग स्कॅनरवर सपाट बसत नाही. पंखा लावा, पहाटे काढा, नाहीतर पावसाळ्यानंतर काढा.

आणखी एक. आपली गोष्ट अंधारातली आहे, म्हणून चित्रकार अख्खी चौकट काळी भरेल. झेरॉक्स मशीनवर मोठा काळा भाग ठिगळासारखा राखाडी उठतो. त्यापेक्षा आडव्या-तिरक्या रेघांचा अंधार करा, काळा फक्त दाराआड, टिपाडाच्या पोटात, माणसांच्या सावलीत.

८. स्कॅन

शाई पूर्ण वाळू द्या, मग पेन्सिल खोडा, मग स्कॅन. फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय, ग्रे. ए-फोर पान ४९६० बाय ७०१६ पिक्सेलचं यायला पाहिजे, फाईलवर क्लिक करून बघा. मोबाईलच्या स्कॅन ॲपने फोटो घेतला तर कडा वाकतात आणि कोपऱ्यात सावली येते. मग कॉन्ट्रास्ट वाढवून कागदाचा राखाडीपणा घालवा, पण इतका नको की बारीक रेघा तुटतील. पीएनजी किंवा टिफ ठेवा.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र तिथे लहान होतं आणि परत मोठं होत नाही. फाईलचं नाव 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल' असलं नको. गोष्टीचा नंबर आणि पानाचा नंबर, बस.

९. पानांची जुळणी

दुमडून शिवायच्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीत. आपली मांडणी अशी: १ वर नाव, २ ते ५ पहिली गोष्ट, ६ ते ९ दुसरी, १० ते १३ तिसरी, १४ ते १७ चौथी, १८ ते २१ पाचवी, २२ वर चित्रकारांची ओळख, २३ वर छपाईचा तपशील आणि संपर्क, २४ कोरं किंवा एखादं स्केच. एकूण २४, म्हणजे आतले ६ कागद, वर कव्हरचा एक वेगळा. सगळ्या गोष्टी सम पानावर सुरू होतात, म्हणजे डावीकडे, आणि तिसऱ्या पायरीतला पान उलटण्याचा हिशोब जुळतो.

कागदाच्या एका बाजूला जी दोन पानं शेजारी येतात त्यांची बेरीज कायम २५ (एकूण पानं अधिक एक). सगळ्यात बाहेरच्या कागदावर एकीकडे २४ आणि १, मागे २ आणि २३. सगळ्यात आतल्यावर १२ आणि १३ समोरासमोर. बेरीज पंचवीस येत नसेल तर काहीतरी हललंय. हे हाताने करायची गरज नाही, पीडीएफ रीडरच्या प्रिंटमधला बुकलेट पर्याय ते करतो, पण बेरीज माहीत असली की दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं.

त्याआधी कोरा नमुना करा: सहा कागद दुमडून एकात एक घाला, पेनने पानांवर नंबर टाका आणि कोणत्या पानावर काय ते लिहा. दुकानात जाताना हा सोबत न्या. दुकानदाराला तोंडाने सांगण्यापेक्षा हे दाखवलं की दोन मिनिटांत कळतं.

१०. दुकानात

आधी एकच प्रत. शंभर सांगून चहाला जाऊ नका. दोन्ही बाजूंनी छापताना शॉर्ट एज फ्लिप निवडायचं, लाँग एज ठेवलं की मागची पानं उलटी येतात. पीडीएफमधली पानं आधीच ए-फाइव्ह मापाची केलेली असली की स्केल १०० टक्के, 'फिट टू पेज' बंद, नाहीतर समास कमीजास्त होतो. आतला कागद ८० ते ९० जीएसएम. ७० चा घेतला तर मागचं काळं पुढे दिसतं. कव्हर १७० ते २०० चं. कडेपर्यंत चित्र ठेवू नका, साधं मशीन कागदाची कड पांढरी सोडतं.

एक प्रत हातात आली की दुकानाबाहेर उजेडात पूर्ण वाचा, उकार आणि रफार उडालेत का ते बोट ठेवून बघा, ऐंशीव्या वर्षीच्या कुणाला तरी चष्मा लावून वाचता येईल का ते बघा. मग बाकीच्या.

पिना लांब हाताच्या स्टेपलरने, दोन, दुमडीवर बाहेरून आत. असा स्टेपलर नसेल तर साधा स्टेपलर उघडून खाली थर्माकोल ठेवून पिन टोचायची आणि आतून टोकं चमच्याने वाकवायची. पिना मारल्यावर आतली पानं थोडी बाहेर डोकावतात, ती कडेने कापून घ्या. दुकानात कटर असतो, कापताना सगळ्या प्रती एकदम दाबून देऊ नका, तिरक्या कापल्या जातात. पाच पाच.

प्रती वाटायच्या आधी मूळ पानं ज्याची त्याला द्या, मधे बटर पेपर घालून, सपाट, गुंडाळी करून नाही. चित्रकाराचे पैसे द्यायचे राहिले असतील तर तेही त्याच दिवशी. आणि काकूंची प्रत दुसऱ्या कुणाच्या हातून त्यांच्याकडे पोचायच्या आत स्वतः नेऊन द्या, शक्यतो पाणी आलेलं नसेल तेव्हा.